तेहतीसात एक

२० जाने., सोम.

पेणहून गाडी वेळेवर. रोह्याला उतरून चालत कॉलेज. अकरावी सायन्सला आज कॉम्बिनेशन सुरू केलं. या धड्याला दरवर्षी माझा आवाज आपोआप चढतो, शेजारच्या वर्गातले सर दार लावून घेतात.

फळ्यावर बारा मुलांची नावं लिहिली. म्हटलं, यातून चौघांची टोळी करायचीय, किती तऱ्हांनी होईल? केदार लगेच, "बारा गुणिले अकरा गुणिले दहा गुणिले नऊ." म्हटलं, म्हणजे अकरा हजार आठशे ऐंशी टोळ्या? बाराजणांतून? वर्ग हसला, केदारही हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरून अफरीन: "मॅडम, त्याने एकेक टोळी चोवीस वेळा मोजलीय. चौघांना कुठल्याही क्रमाने उभं केलं तरी माणसं तीच ना. चोवीसने भागा."

४९५.

सूत्र मी अजून लिहिलंच नव्हतं. खडू हातात तसाच. एवढी वर्षं शिकवतेय, पण सूत्राआधी सूत्राचं कारण सांगणारं पोर असं किती वेळा भेटतं?

अफरीन अष्टमीहून येते, नदीपलीकडून. वडील कतारला. घरी अम्मी आणि धाकटा भाऊ. एरवी तोंड उघडत नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. हे आमच्या मूर्तींच्या कारखान्यात, माघी गणपतींच्या डोळ्यांच्या आखणीत बुडालेले. मान वर न करता, "तुझी पोरगी हुशार हाय, कळला. चहा ठेव." तरी दोनदा सांगितलं.

२२ जाने., बुध.

पुण्याच्या एका संस्थेचं उन्हाळी गणित शिबिर. राहणं-जेवण त्यांचंच. आमच्या कॉलेजला चार जागा. नावं दिली बाराजणांनी: सहा पेणची (रोज माझ्याच गाडीने येणारी), सहा रोह्याची (अष्टमीची अफरीन धरून). प्रिं. म्हणाले मार्कांवर घ्या. मी म्हटलं, बाराही जण चांगले आहेत, दोन-चार मार्कांचा फरक म्हणजे फरक नव्हे. चिठ्ठ्या टाकू. प्रत्येकाला सारखी संधी, आणि हाच धडा चालू आहे, वर्गातच करू. प्रिं.ना पटलं.

कल्पना माझी. जरा मिरवलीच.

२४ जाने., शुक्र.

चिठ्ठ्या काढल्या. वर्गातच, ए-बी दोन्ही तुकड्या एकत्र बसवून, सगळ्यांसमोर. मीच घड्या घातल्या, माझ्या जेवणाच्या डब्यात टाकल्या, हलवल्या, डोळे मिटून चार काढल्या.

श्रुती. ओमकार. सेजल. हर्ष.

चौघेही पेणचे.

चौथं नाव वाचलं. मग कुणीतरी बारीक शीळ घातली. मी म्हटलं, "चान्स आहे, होतं असं." घंटा झाली. अफरीनने वह्या भरल्या आणि माझ्याकडे न बघता गेली. तिचं नाव डब्यातच राहिलं होतं.

गाडीत चौघांनी नुसता धिंगाणा. श्रुतीने तर नागोठण्यापर्यंत आईला तीनदा फोन. मलाही आनंद झाला, खोटं का लिहू. पेणची पोरं म्हणजे आपली पोरं, हे मनात येतंच.

२५ जाने., शनि.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केदारच्या वडिलांचा (पुढे के.व., एवढं लांब लिहायला हात वळत नाही) मेसेज. "मॅडम पेणच्या, डबा पेणचा, पोरंपण पेणचीच. वा रे नशीब!" खाली अंगठ्यांची रांग. मग एकेकाचं सुरू. चिठ्ठ्या काढताना बाहेरचं कोण हजर होतं? घड्या कोणी घातल्या? रोह्याच्या पोरांना कधीच काही मिळत नाही. एकाने लिहिलंय, पेणची मुलं मॅडमच्या घरी क्लासला जात असतील.

क्लास! आयुष्यात एका पोराकडून खाजगी शिकवणीचा रुपया घेतला नाही. पेणला आमच्या रामवाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. रोह्यात नसेल तर नसो.

हे म्हणाले, "उत्तर दे ना गो. गप राहिलीस तर लोकांना वाटंल खराच हाय."

नाही देणार. मी कशाला सफाई देऊ? चोराने द्यावी.

२६ जाने., रवि.

झेंडावंदन. स्टाफमधले बोलले, पण हवापाण्याचंच. प्रिं. "नंतर बोलू" म्हणाले आणि नंतर बोललेच नाहीत. मी मान ताठ ठेवून उभी. परतताना गाडीत कळलं की मान खरंच दुखतेय.

२७ जाने., सोम.

मधल्या सुटीत अफरीन स्टाफरूमच्या दारात. "मॅडम, आत येऊ?" आली. बसली नाही.

"मॅडम, तुम्ही केलंत का?"

एवढंच. "सगळे म्हणतात" नाही, "रागावू नका" नाही. सरळ प्रश्न. नाही म्हणायला दोन अक्षरं पुरली असती. म्हटलंच नाही. म्हटलं, "गणित येतं ना तुला? कर."

उभ्या उभ्याच माझ्या टेबलावरच्या पाठकोऱ्या कागदावर केलं. बारातून चार, ४९५ तऱ्हा. पेणच्या सहातून चार, १५ तऱ्हा. पंधरा भागिले चारशे पंच्याण्णव.

"तेहतीसात एक," म्हणाली. मग थांबून, "म्हणजे तेहतीस वेळा चिठ्ठ्या काढल्या तर साधारण एकदा सगळे पेणचे येणार. मॅडम, हे फार कमी आहे."

"मग?"

"मग... बहुतेक तुम्ही केलंत."

समोर तोंडावर. सतरा वर्षांची पोर. राग आला, आणि रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, जे तेव्हा कळलं नाही. आता लिहिताना कळतंय. हिशोब चोख होता. मला घाबरून तिने उत्तर बदललं नव्हतं.

म्हटलं, "तेहतीसात एक हे उत्तर बरोबर आहे. पण ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? प्रश्न पुन्हा वाच."

"प्रश्न तर हाच आहे."

"प्रश्न आधी लिहिला होता की चिठ्ठ्या निघाल्यावर?"

गोंधळली. कागद घडी करून घेऊन गेली.

२८ जाने., मंगळ.

अफरीन गैरहजर. के.व.नी प्रिं.ना लेखी तक्रार दिली. चौकशी नको, पण पालकांची बैठक घ्या म्हणून. शुक्रवारी ठरली.

केदार वर्गात खाली मान घालून. त्याला मुद्दाम फळ्यावर बोलावलं, उदाहरण दिलं. सुटलं. "शाब्बास" म्हटलं तर पोराचे डोळे भरले. बापाचं भांडण पोराच्या डोक्यावर, कशाला?

२९ जाने., बुध.

आज लिहायचंच आहे. सगळं.

अफरीन आली, हातात चार कागद. काल म्हणे अम्मीची तब्येत बरी नव्हती, घरी राहावं लागलं, तेवढ्यात केलं.

"मॅडम, तेहतीसात एक हे 'सगळे पेणचे' याचं आहे. पण सगळे रोह्याचे आले असते तर पेणवाले ओरडले असते ना? त्याच्याही पंधरा तऱ्हा. झाल्या तीस."

मी पहिला कागद हातात घेतला.

"आम्ही बारांत सात मुली, पाच मुलगे. चारही मुली आल्या असत्या तर 'मॅडम मुलींच्या बाजूने'. सातातून चार, पस्तीस. चारही मुलगे आले असते तर 'मुलींना डावललं'. पाचातून चार, पाच. झाले सत्तर. मग ए तुकडी, बी तुकडी. आम्ही सहा-सहाच आहोत. पंधरा आणि पंधरा. शंभर झाले. चारशे पंच्याण्णवात शंभर!"

श्वास घेतला. "म्हणजे काहीही फसवाफसवी न करता, पाचातून एकदा कुणी ना कुणी ओरडणारच होतं. आपण आधी चिठ्ठ्या बघितल्या, मग त्यात काय विचित्र दिसतंय ते शोधलं आणि मग त्याचीच संभाव्यता काढली. प्रश्न उत्तर बघून तयार केला."

मी काही बोलणार तेवढ्यात तीच, "पण मॅडम, शंभर पूर्ण बरोबर नाही. चारही पेणच्या आणि चारही मुली अशी टोळी मी दोनदा मोजलीय. म्हणजे पाचात एकपेक्षा जरा कमी. ते वजा करायचं राहिलं, भाऊ मधेमधे करत होता."

खिडकीकडे वळले. रडू आलं असं नाही. पण वळले. कॉलेजात असताना हा मुद्दा माझ्या डोक्यात शिरायला किती दिवस लागले होते! पोरीने एका दिवसात, भाऊ सांभाळत. आणि स्वतःची चूक स्वतःच पकडली, मी दाखवायच्या आधी.

"मग आता काय म्हणतेस? मी केलं का?"

"माहीत नाही," म्हणाली. "पण बहुतेक हा शब्द मागे घेते."

३० जाने., गुरु.

बैठक उद्या. हे म्हणतात, "कारखान्यातून मी येतो संगती." नको म्हटलं. प्रिं.नी विचारलं, तुम्ही काय बोलणार? म्हटलं, काहीच नाही. त्यांना आवडलं नाही. माझा हट्ट आहे हे मलाही कळतं. पण आवाज चढवून "मी नाही केलं हो" म्हणायचं, ते जमणार नाही.

३१ जाने., शुक्र.

हॉल भरलेला. के.व. कंपनीतून पहिली शिफ्ट करून तसेच आलेले, निळा शर्ट, बुटांना धूळ. सुरुवात त्यांनीच केली. वाईट माणूस नव्हे. "आमची पोरा काय कमी हायत काय? जिल्ह्याचा काय आला की पेण, अलिबाग. रोहा फक्त कंपनीत राबायला. चार नावं काढली तर एक पण रोह्याचा नाय? हा नशीब म्हणायचा काय?"

टाळ्या पडल्या. मी खुर्चीत. प्रिं. माझ्याकडे बघतायत. मी समोरच्या भिंतीकडे.

तेवढ्यात अफरीन उठली. मुलांनी बोलायचं नव्हतं, प्रिं. म्हणालेही, "बेटा, खाली बस." ती फळ्याकडे चालत गेली. माझं नाव न घेता, माझ्याकडे न बघता सगळं मांडलं. आधी तेहतीसात एक. ते मांडलं तसा हॉलमध्ये गलका, के.व. म्हणाले, "बघा! पोरगीच सांगते!" तिने हात वर केला. वर्गात मी करते तसाच. आणि पुढचं सांगितलं: सगळे रोह्याचे, सगळ्या मुली, सगळे मुलगे, सगळे एका तुकडीचे. शंभराला चारशे पंच्याण्णवने भागलं, आणि दोनदा मोजलेले वजा करून पाचात एकपेक्षा जरा कमी.

के.व. म्हणाले, "म्हंजे मॅडमनी नाय केला, असा सिद्ध झाला?"

"नाही काका," अफरीन म्हणाली. "सिद्ध नाही झालं. केलं असंही सिद्ध नाही झालं. गणित इथपर्यंतच जातं. पुढचं विचारावं लागतं."

आणि वळली. सगळ्या हॉलसमोर.

"मॅडम, तुम्ही बघून काढल्यात?"

सोमवारी हाच प्रश्न मी उडवून लावला होता. आज उडवता आला नाही. एवढं सगळं करून ती इथवर आली होती आणि उरलेलं एकच पाऊल माझं होतं.

उभी राहिले. "नाही."

आवाज चढला नाही. एकच शब्द. बसले.

"मग मॅडमनी नाही केलं," अफरीन हॉलकडे वळून म्हणाली. मग मागून अफरीनच्या अम्मी, डोक्यावरची ओढणी सावरत: "माझी पोर पण राहिलीय. तिला पण जायचा होता. ती बोलते मॅडमनी नाय केला, तर मी पण तेच बोलते."

के.व. उठले. "मला सगळा नाय कळला," म्हणाले. "पण पोरगी खोटा नाय बोलत, एवढा कळला. मी तक्रार मागं घेतो." माझ्याकडे येऊन हात जोडले. मीही जोडले. घामाचा आणि कंपनीच्या पावडरीचा वास. केदार दाराशी उभा होता, पहिल्यांदा मान वर.

संपलं असं वाटलं. तर अफरीन अजून फळ्यापाशीच.

"सर, एक सांगू? मॅडमनी केलं नाही. तरी चिठ्ठ्या पुन्हा काढाव्यात. सगळ्या पालकांसमोर, बाहेरच्या कुणीतरी."

प्रिं. चकित. "का? आता तर सगळं मिटलं."

"आज मिटलं. शिबिराला गेल्यावर पुन्हा कुणीतरी म्हणेल. आणि..." थांबली. "आणि मला जायचंय."

कुणीतरी हसलं. मी नाही. किती स्वच्छ बोलली! माझी बाजू घेताना स्वतःचं हवं ते लपवलं नाही. या एका वाक्यासाठी मी तिला शंभरपैकी शंभर देईन.

१ फेब्रु., शनि.

माघी गणपती. कारखान्यात सकाळपासून मूर्ती न्यायला माणसं. हे उभे राहून एकेकाला मूर्ती हातात देत होते, लहान मुलाला द्यावी तशी. मी प्रसादाचे मोदक भरत होते. श्रुती आली, आईसोबत. आई बाहेरच थांबली.

"मॅडम, पुन्हा चिठ्ठ्या काढणार म्हणतात. खरं?"

"प्रिं. विचार करतायत."

"मी नाही सोडणार," श्रुती म्हणाली. "ओमकार नि हर्ष तयार आहेत, सेजलचं ठरत नाहीये. मी नाही. माझं नाव आलंय, तुम्ही खरं काढलंत म्हणून आलंय. तुम्ही केलं नाहीत तर माझं काय चुकलं? पुन्हा काढल्या तर आम्ही चौघं परत येण्याची शक्यता चारशे पंच्याण्णवात एक. माझी एकटीची तीनात एक. आत्ता माझी पूर्ण आहे. मॅडम, मला शिक्षा कशाची?"

मोदक दिला. हातात धरून उभी, खाल्ला नाही.

म्हटलं, "तुझं म्हणणं बरोबर आहे." तेवढंच म्हणू शकले. जाताना पाया पडली. अजून रागातच होती. आवडलं मला ते.

हे मूर्ती देता देता सगळं ऐकत होते. नंतर म्हणाले, "दोघींनाबी तूच तयार केलीस. आता भोग."

३ फेब्रु., सोम.

प्रिं.नी सकाळीच बोलावलं. दार लावून घेतलं. "मॅडम, मी तुमच्यावर सोडतो. तुम्ही म्हणाल तसं. उद्या सकाळी सांगा, नावं पाठवायची आहेत."

दिवसभर डोक्यात तेच. पहिला विचार अर्थात माझाच आला. पुन्हा काढल्या तर लोक म्हणणार, बघा, काहीतरी होतं म्हणूनच. हा विचार उचलून बाजूला ठेवला. तो माझा मान झाला, मुलांचा प्रश्न नव्हे. बाजूला ठेवल्यावर काय उरलं? श्रुतीचं खरं आणि अफरीनचं खरं. चिठ्ठी खरी असेल तर ती मोडायची का? आणि तिच्यावर गावाचा विश्वास बसला नाही तर ती खरी असून काय उपयोग? याला कॉम्बिनेशन लागत नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या तासाला कॉम्बिनेशनचं शेवटचं उदाहरण. केदारने हात वर करून प्रश्न विचारला. या वर्षातला त्याचा पहिला चांगला प्रश्न.

संध्याकाळी स्टेशनवर अफरीन. अष्टमीला जायचं सोडून रोहा स्टेशन! श्रुतीला गाठायला आली होती. मी बाकावर, त्या दोघी जरा पुढे, पण ऐकू येत होतं.

श्रुती: "माझी पूर्णवरून तीनात एक होणार. तू मला हे करायला सांगतेस?"

अफरीन: "माझी शून्यावरून तीनात एक होणार. तू मला हे नको म्हणतेस?"

"तीनात एक कसं काढलंस?"

"मला धरून उरलेल्या अकरांतून तीन. एकशे पासष्ट. भागिले चारशे पंच्याण्णव."

"सरळ बारांत चार म्हण ना. तेच येतं."

"येतं माहितीय. पण मला टोळ्या मोजायच्या होत्या. ज्या टोळीत मी आहे त्या सगळ्या."

श्रुती पुन्हा सुरू. एकदाही कुणी दुसरीला खोटं म्हटलं नाही. दोघींचं गणित बरोबर होतं, दोघींना ते माहीत होतं आणि तरी भांडण संपत नव्हतं. मी मधे पडले नाही. मी मधे पडावं असं त्यात काही नव्हतं.

गाडी आली. श्रुती चढली ती दारातच उभी, बोलतेच आहे. गाडी हलली तशी अफरीन फलाटावरून बरोबर चालत, मग पळत, हात हलवत काहीतरी सांगत होती. चाकांच्या आवाजात ऐकू आलं नाही. श्रुतीला आलं असावं, कारण ती ओरडली, "ते तर मी आधीच मोजलंय!"

घरी आलेय. प्रिं.ना काय सांगायचं ते ठरलेलं नाही. यांनी विचारलं, मान हलवली. ताट वाढून ठेवलंय, भूक लागलीय. वाईट वाटायला हवं होतं, वाटत नाहीये. त्या दोघी माझ्या वर्गातल्या. दोघीही.